महानंदाक्का आणि न उठणारे त्रेचाळीस लॅपटॉप

महानंदाक्काला लॅपटॉप बिघडल्याचं सांगितलं की ती पहिल्यांदा काहीच करत नाही. खुर्ची ओढते, बसते आणि बघत राहते. दोन मिनिटांनी लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात लावून तो किती तापलाय ते पाहते. मग ज्याचा लॅपटॉप असेल त्याला विचारते, "शेवटी नीट कधी चालला होता?" ही पद्धत कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. तिच्यात घाई दाखवायला जागा नसते, आणि आमच्याकडे घाई दाखवणं हेच निम्मं काम आहे.

आमच्याकडे म्हणजे बंगळुरात, कोरमंगल्यातल्या एका काचेच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. एका परदेशी विमा कंपनीचे कागद इथे बसून तपासले जातात. लॅपटॉप इमारतीबाहेर न्यायचे नाहीत असा त्या कंपनीचा नियम आहे, म्हणून ते टेबलाला साखळीने बांधलेले असतात आणि त्यांचं झाकण कुणी कधी मिटत नाही. बाहेर न्यायचेच नाहीत तर लॅपटॉप कशाला घेतले, हा प्रश्न मी पुण्याहून बदली होऊन आलो त्या पहिल्याच आठवड्यात विचारला होता. त्यानंतर तीन महिने मला कुठल्या बैठकीला बोलावलं नाही. मग मी शहाणा झालो आणि आता या मजल्यावरच्या सगळ्या यंत्रांची जबाबदारी माझ्याकडे आहे. यंत्रांना हात लावायचं काम अर्थात माझं नाही. ते महानंदाक्काचं.

ती निपाणीजवळच्या एका गावची. घरात मराठी, शाळेत कन्नड, डिप्लोमा इंग्रजीत. नवरा परसू होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आहे, म्हणून बिऱ्हाड होसकोट्यात. तिथून दोन बस बदलून ती नऊला हजर असते. जे. पी. नगरहून कॅबने येणारा मी साडेदहाला पोचतो आणि रहदारीबद्दल पंधरा मिनिटं बोलतो. तेरा वर्षं ती हे करतेय, आणि तेरा वर्षं ती कंत्राटी आहे. कायम माणसांच्या गळ्यातली फीत निळी, कंत्राटींची हिरवी. फीत वेगळी असली तरी आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं आमचे साहेब दर वर्षी स्नेहसंमेलनात सांगतात. कुटुंबाच्या जेवणाला हिरव्या फितीवाल्यांना वेगळी वेळ असते.

कंत्राटाचं नूतनीकरण नोव्हेंबरात होतं. दर नोव्हेंबरात मी तिला सांगायचो, "ताई, पुढच्या वर्षी तुमचं कायम होणार." ती कन्नड वळणाने म्हणायची, "सरी सर, बघूया की." यंदा मात्र खरोखरच काहीतरी ठरणार होतं. एकतर ती कायम होणार होती किंवा घरी जाणार होती.

याचं श्रेय विद्याधर सरांचं. हे आमच्या केंद्राचे प्रमुख, माझ्याच गावचे, आणि नव्या कल्पनांचे इतके भुकेले की जुनी पचायच्या आत दुसरी मागवतात. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला त्यांनी 'मैत्री' आणली. मैत्री हा एक बॉट. लॅपटॉपचं काही दुखलं-खुपलं की लोकांनी महानंदाक्काकडे न जाता फोनवरून मैत्रीला लिहायचं, मैत्री उपाय सांगणार आणि तक्रार मिटवणार. आमच्याकडे तक्रारीला तिकीट म्हणतात. मैत्रीला जमणार नाही ते तिकीट अक्काकडे येणार. महिनाअखेरीला आकडे बघायचे. अक्काची गरज दिसली तर तिला निळी फीत, नाहीतर तिचं टेबल काढून तिथे कॉफीचं यंत्र.

"फेअर आहे ना, नंदू?" विद्याधर सरांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, अगदी फेअर आहे. मी अजून कधी त्यांना वेगळं उत्तर दिलेलं नाही.

त्याच महिन्यात आयुधपूजा आली. बंगळुरात नवमीला रिक्षापासून सर्व्हरपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू लागतं, झेंडू चढतो, दारात कोहळा फुटतो. विद्याधर सरांना इथे येऊन चार वर्षं झाली. कन्नडचे चार शब्द त्यांना येत नाहीत, पण स्थानिक संस्कृतीवर त्यांचं जिवापाड प्रेम आहे. त्या प्रेमापोटी त्यांनी यंदा प्रत्येक टेबलासाठी अंगठ्याएवढा पितळी रंगाचा गणपती मागवला. मूळचा तो गाडीत ठेवायचा. पत्र्याला घट्ट बसावा म्हणून बुडाला चांगला जाड लोहचुंबक. आमचे लॅपटॉप प्लास्टिकचे, त्यांना चुंबक चिकटेना, म्हणून खाली दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली. भीमाचार्य नावाचे गुरुजी आले. बंद करून ठेवलेल्या लॅपटॉपच्या रांगांतून ते मंत्र म्हणत फिरले आणि प्रत्येक कीबोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे मनगट टेकतं त्याच्या जरा वर, एकेक गणपती बसवत गेले. विद्याधर सरांनी फोटो काढून परदेशी कंपनीला पाठवले. तिकडून 'छान' म्हणणारा अंगठा आला.

सुट्टीनंतर सोमवारी सगळे लॅपटॉप झकास सुरू झाले. अकरा वाजता लोक चहाला गेले. पाच मिनिटं हात लावला नाही की आमचे लॅपटॉप झोपतात, विजेची बचत म्हणून. लोक चहा पिऊन परत आले आणि लॅपटॉप उठेनात. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फुरफुरायचा, पडदा एकदा उजळल्यासारखा करायचा आणि पुन्हा काळाठिक्कर. कितीही दाबा, तेच.

लोकांनी मैत्रीला लिहिलं. मैत्री म्हणाली, "तुमची अडचण मला समजली. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. मला मदत करता आली याचा आनंद आहे." लॅपटॉप सुरू झाला, तिकीट मिटलं, मैत्रीच्या नावावर एक यश. जेवून आल्यावर तोच लॅपटॉप पुन्हा मेला. त्या माणसाने पुन्हा तक्रार केली. आता हे 'पुन्हा उघडलेलं तिकीट' झालं, आणि पुन्हा उघडलेली तिकिटं नियमाप्रमाणे अक्काकडे जाणार होती, न सुटल्याचा डाग तिच्या नावावर. मंगळवारी संध्याकाळी मैत्रीची यशं शंभराच्या पुढे होती आणि अक्काचे डाग साठ. ही व्यवस्था कुणी आखली ते मला विचारू नका. आखणाऱ्यांत मी होतो.

मग तज्ज्ञ जागे झाले. कुणी म्हणालं, सुट्टीत नवीन अपडेट आलंय, ते काढा. काढलं, फरक नाही. कुणी म्हणालं, पडद्याचा ड्रायव्हर जुना आहे. नवा घातला, तरी तेच. लॅपटॉप विकणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला की झोपवूच नका, झोपायची सोय बंद करून टाका. तसं केलं तर पाच मिनिटांत पडदा कुलूपबंद होण्याचा विमा कंपनीचा नियम मोडत होता. मी रोज सकाळ-संध्याकाळ बैठक घ्यायचो आणि विचारायचो, "स्टेटस काय?" संकटाच्या वेळी नेतृत्व लागतंच.

अक्का बैठकीला यायची नाही. ती आर्याच्या टेबलाशी बसलेली असायची. आर्या नागपूरची, कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. तिचा लॅपटॉप हमखास मरायचा, आणि शेजारच्या अद्वैतचा, त्याच खोक्यातून त्याच दिवशी निघालेला, एकदाही मेला नव्हता. त्रेचाळीस टेबलांवर रोग आणि सात टेबलं ठणठणीत. अक्काला त्रेचाळिसांपेक्षा त्या सातांचं वेड लागलं. तिने आर्याचा चार्जर अद्वैतला दिला, अद्वैतचा आर्याला. मग माऊस बदलला, मग बाहेरचा मोठा पडदा, मग वायरी. रोग आर्याकडेच राहिला.

"अक्का, सगळं बदललं. आता मलाच चेंज करा," आर्या म्हणाली.

"तुला कशाला गं. स्वल्प थांब," अक्का म्हणाली आणि पुन्हा बघत बसली. जेवणाची सुट्टी तिने तशीच घालवली. आर्या उठून गेली, पाच मिनिटांनी लॅपटॉप झोपला, अक्काने उठवला, पडदा उजळला, विझला. हे ती पुन्हा पुन्हा करत होती. मी लांबून पाहिलं आणि मनात म्हटलं, हिचे आकडे कसे सुधारणार. मनात म्हटलं हेही खरं नाही. मी ते विद्याधर सरांना बोलून दाखवलं.

गुरुवारी तिने मला अद्वैतच्या टेबलापाशी बोलावलं. हातात तिचा नेहमीचा स्क्रू-ड्रायव्हर होता, ज्याच्या टोकाला बारीक स्क्रू पडू नये म्हणून चुंबक असतो. अद्वैतचा ठणठणीत लॅपटॉप समोर चालू होता.

"बघा हं सर," ती म्हणाली आणि कीबोर्डाच्या उजव्या कोपऱ्यावरून ते टोक हळूहळू फिरवू लागली. एका ठिकाणी आल्याबरोबर पडदा विझला. तिने लॅपटॉप उठवला. टोक तिथेच धरलेलं, पडदा उजळला आणि विझला. तिने टोक बाजूला घेतलं, उठवला, आणि तो शहाण्यासारखा उठला.

"झाकण लागलंय की उघडं हाय, हे त्याला डोळ्यानं दिसत न्हाई," ती म्हणाली. "झाकणात चुंबक असतोय. खाली हितं एक बारका तुकडा हाय, तो चुंबक वळखतोय. चुंबक जवळ आला की त्याला वाटतंय झाकण मिटलं, झोपूया. नव्यानं चालू करताना तो झाकणाकडं बघत न्हाई, म्हणून रिस्टार्ट चालतंय. झोपेतनं उठताना मात्र पहिल्यांदा तेच बघतोय."

"मग आर्याच्या लॅपटॉपवर चुंबक कुठून आला?"

अक्काने बोट दाखवलं नाही. हात जोडल्यासारखे करून नुसतं त्या बाजूला पाहिलं. आर्याच्या कीबोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात गणपती बसले होते. अद्वैतने आपला गणपती मनगटाला टोचतो म्हणून पहिल्याच दिवशी उचलून पडद्याच्या स्टँडवर ठेवला होता. बाकीच्या सहा टेबलांवरही तेच निघालं. उरलेल्या त्रेचाळिसांत एकाचीही देव उचकटून काढायची छाती झाली नव्हती.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. माझी पाचावर धारण बसली. अक्का बोलत होती आणि मला डोळ्यासमोर तिकिटातला 'मूळ कारण' हा रकाना दिसत होता. त्यात लिहायचं, विघ्नहर्ता. लावून देणारे, केंद्रप्रमुख. त्याचा फोटो परदेशी कंपनीकडे आधीच गेलेला. आणि माझं वार्षिक मूल्यमापन पंधरा दिवसांवर.

"ताई," मी आवाज खाली आणून म्हटलं, "हे असं लिहू नका."

"मग कसं लिहू?"

"लिहा, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, अडचण दूर झाली."

ती माझ्याकडे बघत राहिली, यंत्राकडे बघते तशी. मग म्हणाली, "सर, हे खरं लिहिलं तरच माझं काम दिसतंय. रिस्टार्ट तर ती मैत्रीबी करायलीय."

"मी आहे ना. मी बैठकीत सांगेन सगळं. तोंडी."

"नक्की?"

"नक्की." हा शब्द मी किती सहज उच्चारतो याचं मला आजही नवल वाटतं.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तेरा वर्षांत एवढी एकच चूक तिच्या हातून झाली.

आता त्रेचाळीस देव हलवायचे होते, कुणाच्या भावना न दुखवता आणि साहेबांच्या भेटीचा अपमान न करता. मी यासाठी समिती नेमायच्या विचारात होतो. अक्काने शुक्रवारी सकाळी साडेनऊला, मी कॅबमध्ये असताना, सुरुवात केली. टेबलापाशी जायची, आधी नमस्कार करायची आणि म्हणायची, "देव हाताखाली नको. दिवसभर मनगट लागतंय, उष्टा हात लागतोय. वर डोळ्यासमोर ठेवूया." कन्नड माणसाला कन्नडमध्ये, हिंदीवाल्याला हिंदीत. एकानेही नाही म्हटलं नाही. उलट दोघींनी तिला जाता-जाता वाकून नमस्कार केला. तिने दोऱ्याने टेप कापून देव अलगद सोडवले, खालचा चिकटा स्पिरिटने पुसला आणि सगळे गणपती मोठ्या पडद्याच्या स्टँडवर नेऊन बसवले. स्टँड लोखंडी, त्यामुळे बुडाचा चुंबक तिथे एकदाचा कामाला आला. जेवायच्या सुट्टीआधी काम झालं होतं. सोमवारपासून एकही लॅपटॉप झोपेत अडकला नाही.

महिनाअखेरची बैठक झाली. विद्याधर सरांनी आलेख लावला. पहिला आठवडा सपाट, दुसरा आठवडा सुट्टीचा, तिसऱ्यात तक्रारींचा डोंगर आणि चौथ्यात तक्रारी एकदम शून्यावर.

"बघा," ते म्हणाले, "मैत्री शिकली. पहिल्या आठवड्यात तिला डेटा मिळाला नव्हता. जशा तक्रारी आल्या तशी ती सुधारत गेली, आणि शेवटी तिने प्रश्नच संपवला. बॉट असाच शिकतो." टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत मीही होतो, कारण शेजारचे वाजवत होते.

टाळ्या थांबल्यावर मी घसा खाकरला. एवढं श्रेय मला द्यायला हवं. मी म्हटलं, "सर, यात महानंदाताईंचाही वाटा आहे. तिसऱ्या आठवड्यातला प्रॉब्लेम त्यांनी शोधला."

"अच्छा?" विद्याधर सर म्हणाले. त्यांनी अक्काने मिटवलेली तिकिटं उघडली, लॅपटॉपमागे एक. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. प्रत्येकात एकच ओळ होती: लॅपटॉप पुन्हा सुरू केला, अडचण दूर झाली. "हे तर मैत्रीनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. काय शोधलं यांनी? कारण काय होतं?"

विद्याधर सरांचा लॅपटॉप वेगळ्या जातीचा, महागाचा, त्याला हा रोग नव्हता. त्यांचा गणपती अजून कीबोर्डाच्या कोपऱ्यात होता आणि माझ्याकडे बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं. दहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला माझं मूल्यमापन दिसलं, बढती दिसली, जे. पी. नगरातल्या फ्लॅटचे हप्ते दिसले.

"तपासून सांगतो, सर," मी म्हणालो.

विद्याधर सर पुढच्या विषयाकडे वळले. कॉफीच्या यंत्राचा रंग कोणता असावा यावर वीस मिनिटं चांगली चर्चा झाली.

कंत्राट संपवण्याचा फॉर्म वरिष्ठाने भरायचा आणि कर्मचाऱ्यासमोर सही करायची अशी आमच्याकडे रीत आहे. याला पारदर्शकता म्हणतात. मी अक्काला छोट्या खोलीत बोलावलं. फॉर्म टेबलावर ठेवला आणि रहदारीबद्दल बोलू लागलो. तिने मला बोलू दिलं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: 'तक्रारी कमी झाल्याने काम उरलेले नाही.' तिने ते दोनदा वाचलं.

"बैठकीत बोललासा?" तिने विचारलं.

"प्रयत्न केला."

"काय बोललासा?"

मी फॉर्म टेबलाच्या कडेला समांतर लावला. मला त्या क्षणी माझी इतकी शरम वाटली की तिच्या गळ्यातल्या हिरव्या फितीकडेही बघवेना. ती रडली-भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिची समजूत घातली असती, त्यात मी पटाईत आहे. ती तसलं काही करणार नव्हती.

"पेन द्या," ती म्हणाली.

मला वाटलं सही करतेय. तिने माझ्या वाक्याखाली, रकान्यात उरलेल्या जागेत, शाळेतल्यासारख्या टपोऱ्या अक्षरात लिहायला घेतलं. जागा संपली तेव्हा समासात लिहिलं. त्रेचाळीस लॅपटॉप झोपेतून का उठत नव्हते, चुंबक कुठे होता, तो कुणी मागवला, तो कुणी कधी शोधला, आणि हे लिहू नका असं कुणी सांगितलं. माझं नाव आडनावासकट होतं. मग तिने सही केली, तारीख घातली, आणि फॉर्म माझ्याकडे फिरवला.

"आता तुम्ही करा," ती म्हणाली.

मी केली. हे मी सांगतोय यात फुशारकी आहे, मला कबूल आहे, पण मी खरंच केली. पूर्ण नावाने केली. तिने फितीतून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, "येतो सर" म्हणाली आणि दुपारची बस गाठायला निघून गेली. पुढचे दोन तास मला फार मोकळं वाटत होतं. आपण आयुष्यात एकदा तरी सरळ वागलो असं मी आरशात बघून स्वतःला सांगितलंही.

चार वाजता मनुष्यबळ विभागाकडून फॉर्म परत आला. सोबत चिठ्ठी होती: कारणाच्या रकान्यात एका ओळीपेक्षा जास्त मजकूर चालत नाही, समासात लिहू नये, कृपया नवीन फॉर्म भरावा. कर्मचारी सेवेतून मुक्त झाल्याने त्यांच्या सहीची आता आवश्यकता नाही.

मी नवीन फॉर्म भरला. माझं जुनंच वाक्य एका ओळीत बसवलं, आणि सही केली.